‘सर्व्हर स्लो आहे’ : मांजरीच्या एका गोदामातला डेटाबेस

डेटाबेस सर्व्हर बंद पडला तर दोष शोधणे त्यातल्या त्यात सोपे असते. बंद पडलेले यंत्र एखादा एरर क्रमांक तरी दाखवते. मंद झालेले यंत्र मात्र चालूच असते. बिले निघत राहतात, पण चार सेकंदांत निघणारे बिल चाळीस सेकंद घेते, काउंटरवर गर्दी साचते आणि प्रत्येक टेबलावरून एकच वाक्य ऐकू येते : ‘सर्व्हर स्लो आहे.’ या एका वाक्याखाली पाच वेगवेगळी दुखणी कशी नांदत होती, ते मांजरीतल्या एका घाऊक कृषी-औषध विक्रेत्याच्या सर्व्हरने एका हंगामात दाखवून दिले.

मांजरी बुद्रुक हे हडपसरच्या पूर्वेचे, मुळा-मुठेच्या काठचे गाव. २०२१ मध्ये ते पुणे महापालिकेत आले. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या दोन्ही संस्था याच शिवारात आहेत. ऊस आणि द्राक्ष या दोन पिकांशी गावाचे नाव जोडलेले असल्याने खते, बियाणे आणि फवारणीची औषधे यांचा व्यापार इथे नवा नाही. या व्यापाराच्या संगणकावरचा ताणही पिकांच्या वेळापत्रकाने येतो. जुलै-ऑगस्टमध्ये आडसाली उसाची लागण, ऑक्टोबरात द्राक्षाची फळछाटणी, एप्रिलमध्ये खरडछाटणी. छाटणी झाली की बुरशीनाशकांची मागणी एकदम चढते आणि एरवी दिवसभरात होणारी बिले दोन तासांत करावी लागतात. वर्षभर निमूट चालणारा सर्व्हर ऑक्टोबरात का कुरकुरतो, याचे निम्मे उत्तर बागेत असते.

पेढीची मांडणी या व्यवसायात सर्रास आढळते तशीच होती. गोदाम, पुढे बिलिंगचा काउंटर, वर पोटमाळ्यावर हिशेबनीस. सगळे मिळून १८ संगणक एका लॅनवर. जिन्याखालच्या कोनाड्यात सर्व्हर, त्यावर मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची २०१७ ची मोफत ‘एक्स्प्रेस’ आवृत्ती आणि एका लहान सॉफ्टवेअर व्यावसायिकाने खास बनवून दिलेला बिलिंगचा प्रोग्राम. कीटकनाशकाच्या बिलावर बॅच क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख द्यावी लागते. त्यामुळे मालाच्या प्रत्येक ओळीमागे बॅचचा शोध घेतला जात होता. ही बाब तेव्हा कुणाला महत्त्वाची वाटली नव्हती.

पहिला उपाय झाला तो बहुतेक ठिकाणी होतो तोच : रॅम वाढवली. ८ जीबीची ३२ जीबी केली आणि काहीही फरक पडला नाही. कारण यंत्रात नव्हे, आवृत्तीत होते. डेटाबेस इंजिन वारंवार लागणारी माहिती ज्या जागेत धरून ठेवते तिला बफर पूल म्हणतात. २०१७ च्या एक्स्प्रेस आवृत्तीत हा बफर पूल १,४१० एमबीपुढे जात नाही. प्रोसेसरचे चारच कोअर वापरले जातात आणि एका डेटाबेसचा डेटा १० जीबीपर्यंतच वाढू शकतो. वाढवलेली रॅम रिकामीच पडून राहिली. परवान्याच्या मर्यादा आधी वाचल्या असत्या तर तो खर्च वाचला असता. मात्र या फसलेल्या उपायाचा एक उपयोग झाला. अंदाजाने काही विकत घ्यायचे नाही, हे सगळ्यांना पटले.

त्यानंतर पेढीने बोलावलेल्या तंत्रज्ञाने सर्व्हरला हात लावण्याआधी एक साधी आखीव वही काउंटरवर ठेवली. तिच्यात पाच रकाने होते : वेळ, टेबल, स्क्रीन, लागलेले सेकंद आणि त्या वेळी बाकीच्यांचे चालते होते की नाही. शेवटचा रकाना सर्वात कामाचा ठरला. संथपणा सगळ्यांना एकदम जाणवतो की एकालाच, या प्रश्नानेच दोषाची जागा अर्धी ठरते. एकालाच जाणवत असेल तर त्याचा संगणक, केबल किंवा त्याचा स्क्रीन तपासायचा. सगळ्यांना जाणवत असेल तर सर्व्हर, डिस्क किंवा लॉक.

आठ दिवसांच्या नोंदींतून पाच वेगळे नमुने निघाले. माल चढवण्याच्या फाटकाजवळचे तीन संगणक कायम संथ होते. सकाळचे पहिले बिल रोज अडत होते. दुपारी एकच्या सुमारास सगळेच जडावत होते. साधारण अकराला आणि चारला सगळे एकदम गोठत आणि काही मिनिटांनी एकदम सुटत. आणि बॅच शोधण्याचा स्क्रीन वेळ-काळ न पाहता संथ होता, तोही काउंटरवरच्यांच्या सांगण्याप्रमाणे महिन्यागणिक अधिक. पाचही गोष्टींना आतापर्यंत एकच नाव होते, म्हणून एका उपायाने त्या सगळ्या जातील अशी अपेक्षा धरली जात होती.

फाटकाजवळच्या तीन संगणकांचा दोष केबलचा निघाला. गोदामाच्या त्या टोकाला एक लहान स्विच होता आणि मुख्य स्विचपासून त्याच्यापर्यंत जाणारी केबल मालाच्या ट्रॉलीच्या वाटेवर जमिनीवरून नेलेली होती. नेहमीच्या गिगाबिट लॅनला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. चाकाखाली उरलेल्या दोन जोड्यांपैकी एखादी तुटली तर बहुतेक उपकरणे जोडणी तोडत नाहीत, मुकाट्याने १०० वर उतरतात. स्विचवरच्या दिव्याचा रंग बदलतो, पण तिकडे कोणी पाहत नाही. तार तुटलेली नसून नुसती चेपलेली असेल तर प्रकार आणखी फसवा. जोडणी टिकते, मात्र अधूनमधून पाकिटे खराब होतात, ती पुन्हा पाठवावी लागतात आणि पिंगची, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन येण्याच्या एका फेरीची, वेळ एक मिलिसेकंदाच्या आतून मध्येच उडी मारते. नवी केबल भिंतीवरून पाइपातून नेली, दोन्ही टोके नव्याने क्रिम्प केली आणि पहिला नमुना वहीतून नाहीसा झाला.

मालक घरूनही प्रोग्राम वापरत. तिथे तो इतका संथ का, याचाही खुलासा याच टप्प्यावर झाला. बिलांची यादी उघडताना हा प्रोग्राम एका दमात सगळ्या ओळी मागत नव्हता, प्रत्येक ओळीसाठी सर्व्हरकडे स्वतंत्र फेरी मारत होता. २,००० ओळी आणि लॅनवर फेरीला अर्धा मिलिसेकंद धरला तर एक सेकंद लागतो, ते कुणाच्या लक्षात येत नाही. घरच्या ब्रॉडबँडवर फेरीला ३० मिलिसेकंद लागले की त्याच यादीला ६० सेकंद होतात. अशा ठिकाणी इंटरनेटचा वेग वाढवून फारसे साधत नाही, कारण अडचण पाइपाच्या रुंदीची नसते, फेऱ्यांच्या संख्येची असते. घरच्या वापरासाठी रिमोट डेस्कटॉप दिला. प्रोग्राम गोदामातच चालू लागला आणि घरी फक्त पडद्याचे चित्र येऊ लागले.

सकाळच्या पहिल्या बिलाचे कोडे सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये सुटले. त्यात डेटाबेस सुरू झाल्याची एकच ओळ दिवसातून कित्येकदा आलेली होती. एक्स्प्रेस आवृत्तीत तयार केलेल्या डेटाबेसला ‘ऑटो क्लोज’ ही सोय सुरुवातीपासून चालू असते. शेवटचा वापरकर्ता बाहेर पडला की इंजिन डेटाबेस बंद करते आणि बफर पूलमध्ये जमवलेले सगळे सोडून देते. पुढचा माणूस आला की डेटाबेस पुन्हा उघडायचा, पाने पुन्हा डिस्कवरून आणायची. एकट्या माणसाच्या संगणकावर ही सोय ठीक आहे, १८ जणांच्या पेढीत ती रोज सकाळी दुकानाचे शटर काउंटरवरच्या माणसाकडूनच उघडून घेते. एका आज्ञेने ती बंद झाली. महिनोन्‌महिने सोसलेला हा त्रास सर्वात कमी कष्टांत गेला.

दुपारी एकचा संथपणा डिस्कचा होता आणि तो समजायला थोडे गणित लागते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेऱ्यासाठी ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा आणि डोके त्या पट्ट्यावर नेण्याचा वेळ धरला तर अशा डिस्कवर विखुरलेली वाचने सेकंदाला शंभराच्या आतच होतात. त्याच डिस्कवर रोज एक वाजता अँटिव्हायरसची पूर्ण तपासणी लावलेली होती आणि डेटाबेसच्या फायलीही तिच्यातून सुटत नव्हत्या. जेवणाच्या सुट्टीत संगणक मोकळे असतात, असा ती वेळ लावणाऱ्याचा हिशेब असावा. पण सर्व्हर जेवायला जात नाही. एखादे वाचन किंवा लेखन १५ सेकंदांत पुरे झाले नाही तर एसक्यूएल सर्व्हर ८३३ क्रमांकाचा संदेश लॉगमध्ये टाकतो. तो संदेश दुपारच्या वेळेचा शिक्का घेऊन तिथे रोज पडलेला होता. डेटाबेसच्या फायली तपासणीतून वगळल्या, तपासणी रात्री नेली आणि पुढच्या महिन्यात हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली. एसएसडीला फिरायचे नसते, त्यामुळे वरचे सगळे गणित तिला लागू होत नाही. मात्र ती आधीच बसवली असती तर अँटिव्हायरसचा दोष झाकला गेला असता, सापडला नसता. वेगवान यंत्र अनेकदा चुकीवर पांघरूण घालते.

अकरा आणि चार या वेळा चहाच्या होत्या, हे वहीत नीट दिसत असूनही मान्य व्हायला वेळ लागला. हा दोष लॉकचा. डेटाबेसमध्ये एखादी ओळ बदलली जात असताना तिच्यावर लॉक बसतो आणि तो व्यवहार पुरा होईपर्यंत किंवा रद्द होईपर्यंत सुटत नाही. बिल ‘एडिट’ उघडताच हा प्रोग्राम व्यवहार सुरू करत होता, साठ्याचा आकडा त्याच वेळी बदलत होता आणि ‘सेव्ह’ दाबेपर्यंत सगळे धरून ठेवत होता. क्लार्क बिल अर्धवट सोडून चहाला गेला की तो साठा अडकला. त्याच औषधाचे दुसरे बिल करणारा त्याच्यामागे थांबला, त्याच्यामागे तिसरा. वर हिशेबनिसाने साठ्याचा अहवाल काढायला घेतला की तोही त्याच रांगेत आणि त्याने वाचनासाठी घेतलेल्या लॉकांमागे आणखी बिले. बाहेरून दिसते की सर्व्हर गोठला. आत पाहिले तर प्रोसेसर आणि डिस्क दोन्ही निवांत असतात. सगळे थांबलेले असताना सर्व्हरला काहीच काम नसेल, तर बहुधा लॉकच असतो.

रांगेच्या टोकाला कोण आहे, हे एसक्यूएल सर्व्हर दाखवतो. टोकाचे सत्र ‘स्लीपिंग’ म्हणजे झोपलेले दिसते. ते काही करत नसते, पण त्याचा व्यवहार उघडा असतो. इथे एक मोह टाळावा लागतो. ते सत्र तोडले की सगळे मोकळे होते, म्हणून तीच रीत पडते. सर्व्हर रीस्टार्ट करण्याची रीतही अशीच पडलेली होती आणि तिने दुखणे तेवढ्यापुरते जात असल्याने कारण शोधण्याची निकड कुणाला वाटत नव्हती. खरा उपाय प्रोग्रामात होता. बिल भरताना व्यवहार उघडायचाच नाही. ‘सेव्ह’ दाबल्यावर उघडायचा, साठा तपासायचा, लिहायचे आणि लगेच मिटायचा. शिवाय डेटाबेसमध्ये ‘रीड कमिटेड स्नॅपशॉट’ ही सोय चालू केली. ती असली की वाचणाऱ्याला ओळीची शेवटची पक्की झालेली प्रत मिळते. अहवाल बिलांना अडवत नाही आणि बिले अहवालाला. क्लार्कला मात्र चहावरून बोलणी खावी लागली होती. प्रोग्रामची चूक माणसाच्या सवयीवर ढकलणे सोपे असते.

पाचवा दोष सर्वात खोल होता आणि त्याची सुरुवात मराठीतून झाली होती. पूर्वी बिलावर शेतकऱ्याचे नाव मराठीत छापायचे तर फाँटवर चालणारी पद्धत वापरली जाई. डेटाबेसमध्ये साठवली जात ती इंग्रजी अक्षरांचीच चिन्हे, देवनागरी दिसे ते केवळ फाँटमुळे. फाँट नसलेल्या संगणकावर नावाचा गिचमिड गोळा होई. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे नाव कुठेही नावच दिसते. पण एसक्यूएल सर्व्हरमध्ये साधा ‘व्हारकॅर’ रकाना एरवी एका ठरावीक लिपीसंचापुरताच असतो. त्यात देवनागरी भरली तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात आणि ती परत अक्षरे होत नाहीत. त्यासाठी ‘एनव्हारकॅर’ रकाना लागतो. पेढीने नावांचे रकाने तसे बदलून घेतले. बिले शुद्ध मराठीत छापून येऊ लागली आणि त्याच आठवड्यापासून बॅचचा स्क्रीन जड झाला. काउंटरवर निदान लगेच झाले : मराठी केल्यामुळे सर्व्हरवर लोड आला.

ते निदान पूर्ण चूक नव्हते, कारण मात्र चूक होते. देवनागरीला जागा जास्त लागते हे खरे, एनव्हारकॅरमध्ये प्रत्येक वर्णाला दोन बाइट जातात. पण काही हजार नावांनी सर्व्हर दमत नाही. झाले होते असे की रकाने बदलताना प्रोग्रामातला सगळाच मजकूर युनिकोड म्हणून पाठवायचे ठरले, बॅच क्रमांकसुद्धा. बॅचचा रकाना मात्र जुना व्हारकॅरच राहिला. दोन वेगळ्या प्रकारांची तुलना करताना इंजिन कनिष्ठ प्रकाराला वरिष्ठ प्रकारात बदलून घेते आणि एनव्हारकॅर वरिष्ठ मानला जातो. म्हणजे शोधायचा एक शब्द न बदलता इंजिन रकान्यातली प्रत्येक ओळ बदलत होते. या डेटाबेसचे कोलेशन, म्हणजे मजकूर ताडण्याचे आणि क्रमाने लावण्याचे नियम, जुन्या एसक्यूएल पद्धतीचे होते आणि त्या पद्धतीत असा बदल आला की इंडेक्समधून थेट हव्या जागी जाता येत नाही, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळावा लागतो. शब्दकोश हातात असावा, पण क्रम निरुपयोगी झाल्याने एक शब्द शोधायला पहिल्या पानापासून वाचत बसावे, तसे. नोंदी वाढतील तसे वाचन वाढत होते. महिन्यागणिक वाढणाऱ्या संथपणाचे उत्तर हेच होते.

हे शोधून काढले ते इंजिनच्या ‘एक्झिक्यूशन प्लॅन’ने. एखाद्या प्रश्नाचे उत्तर इंजिन कोणत्या वाटेने काढते, ते त्यात दिसते. इंडेक्स आहे, तरीही ‘सीक’च्या (थेट शोधाच्या) जागी ‘स्कॅन’ (सगळे चाळणे) लिहिलेले आणि शेजारी प्रकारबदलाचा इशारा. प्रोग्रामातून बॅच क्रमांक व्हारकॅर म्हणून पाठवण्याची एका ओळीची दुरुस्ती झाली आणि शोध डोळ्याचे पाते लवायच्या आत होऊ लागला. नावे मराठीतच राहिली. दुरुस्ती आधी सर्व्हरच्या प्रतीवर करून पाहिली होती. प्रत्येक बदलानंतर तीन दिवस वही भरायची आणि मगच पुढचा बदल करायचा, हा नियमही पाळला गेला. एकाच दिवशी सगळे बदल केले असते तर कशाने काय सुधारले ते कळले नसते आणि काही बिघडले असते तर कशाने, तेही नाही.

वेग आल्यावर स्थैर्याचा विषय उरला. गोदामात वीज गेली की दिवे जनरेटरवर परत येतात, पण मधल्या काही सेकंदांत सर्व्हर पडू शकतो. इंजिन कोणताही बदल आधी लॉग फायलीत लिहिते, मग डेटा फायलीत. त्यामुळे यंत्र मध्येच बंद पडले तरी सुरू होताना पक्के झालेले व्यवहार पुन्हा बसवले जातात आणि अर्धवट राहिलेले मागे घेतले जातात. मात्र लिहिले म्हणून डिस्कने दिलेली पोच खरी असली पाहिजे. स्वस्त डिस्क मजकूर आपल्या तात्पुरत्या स्मृतीत असतानाच पोच देते आणि वीज गेली की तो मजकूरही जातो. म्हणून सर्व्हरला यूपीएस हवाच आणि तो यूएसबी केबलने सर्व्हरला जोडलेला हवा, म्हणजे बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतः नीट बंद होतो. पेढीकडे यूपीएस होता, केबल मात्र खोक्यातच होती. शिवाय पत्र्याखालच्या उन्हाळ्यात बॅटऱ्या लवकर म्हाताऱ्या होतात. यूपीएसवरचा हिरवा दिवा बॅटरीची ताकद सांगत नाही, ते जोडणी काढून पाहिल्यावरच कळते.

दुसरा धोका लॉग फायलीचा होता. प्रोग्राम बनवणाऱ्याने डेटाबेस आपल्या यंत्रावर ‘फुल रिकव्हरी’ पद्धतीत तयार करून तसाच आणून बसवला होता. या पद्धतीत लॉगचा बॅकअप घेतला नाही तर लॉग कधीच रिकामा होत नाही आणि वाढत जाऊन डिस्क भरतो. मग ९००२ क्रमांकाचा एरर येतो आणि नवे बिल निघत नाही. रोज रात्रीचा बॅकअप पुरेसा असेल तर ‘सिंपल’ पद्धत घ्यावी. दिवसातली बिलेही गमवायची नसतील तर ‘फुल’ ठेवून ठरावीक वेळाने लॉगचा बॅकअप घ्यावा. पेढीने दुसरा मार्ग निवडला, कारण ऑक्टोबरातल्या एका दिवसाची बिले आठवणीतून परत भरणे शक्य नव्हते. एक्स्प्रेस आवृत्तीत कामे वेळेवर लावून देणारा ‘एजंट’ नसतो, म्हणून ते काम विंडोजच्या टास्क शेड्यूलरकडे दिले. १० जीबीच्या मर्यादेकडेही याच वेळी पाहिले गेले. जुन्या वर्षांची बिले वेगळ्या डेटाबेसमध्ये नेली आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला फायलींचा आकार वहीत लिहायचे ठरले.

शेवटचे काम बॅकअपची परीक्षा घेण्याचे होते. तोपर्यंत बॅकअप रोज होत होता, पण त्याच डिस्कवर, आणि तो परत उभा करून कुणी पाहिले नव्हते. एका रविवारी गोदाम बंद असताना सर्व्हरपासून दूर एका जुन्या संगणकावर आदल्या रात्रीचा बॅकअप उतरवला, ‘चेकडीबी’ चालवून पानांची तपासणी केली, शनिवारचे शेवटचे बिल उघडले आणि गोदामातल्या कागदी प्रतीशी ताडून पाहिले. बॅच क्रमांक, नग, रक्कम आणि शेतकऱ्याचे मराठीतले नाव, सगळे जुळले. सुरुवातीपासून शेवटपर्यंत किती मिनिटे लागली तेही वहीत लिहिले गेले, कारण सर्व्हर खरोखर गेला तर काउंटरवर थांबलेल्याला सांगायची वेळ तीच असते. बॅकअपची एक प्रत तेव्हापासून रोज गोदामाबाहेर जाते आणि ही परीक्षा वर्षातून दोनदा होते : खरडछाटणीच्या आधी एकदा, फळछाटणीच्या आधी एकदा.